वाचक विचारतात : गाडी सुटली बाजूची, हलले मी!

प्रश्न : मी रोज डोंबिवली-सीएसएमटी करते. परवा कुर्ल्याला आमची गाडी उभी होती, मी खिडकीत, आणि बाजूच्या ट्रॅकवरची लोकल सुटली तर मला वाटलं आमचीच गाडी उलटी निघाली, इतकं खरं वाटलं की मी शेजारच्या मावशींचा हात घट्ट धरला. आणि खाली खडी बघत आले की गाडी थांबल्यावर जमीन हळूहळू पुढे सरकताना दिसते. डोळे तपासून घेऊ का? कुणाला सांगायचीही लाज वाटते.

उत्तर : लाज कसली ताई, हे सगळ्यांना होतं. मी स्वतः सेंट्रलने दहा वर्षं प्रवास केलाय आणि आजही बाजूची गाडी सुटली की पोटात गोळा येतो.

होतं काय, की तुमच्या खिडकीभर फक्त समोरच्या गाडीच्या खिडक्या दिसत असतात. मेंदूचा आयुष्यभराचा अनुभव असा की नजरेसमोरचं सगळंच्या सगळं एकदम सरकलं तर आपणच हललोय, कारण एरवी अख्खं दृश्य कधी स्वतःहून चालायला लागत नाही. मग कान सांगत नाही का की आपण बसलोय? तोलाचं काम कानाच्या आतल्या भागाकडे असतं, पण त्याला फक्त वेग बदलला तर कळतं, एकसारख्या वेगाने चालणारी गाडी आणि उभी गाडी त्याला सारखीच. त्यामुळे तो ठामपणे नाही म्हणू शकत नाही आणि डोळ्यांचं म्हणणं चालून जातं. ऑस्ट्रियाच्या एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८७५ मध्ये हालचालीच्या जाणिवेवर अख्खं पुस्तक लिहिलंय, म्हणजे हा विषय किती जुना ते बघा. पुढच्या वेळी असं झालं की लगेच दुसऱ्या बाजूला बघा, प्लॅटफॉर्मचा खांब, इंडिकेटर, काहीही न हलणारं. गाडी तिथल्या तिथे "थांबते".

खडीचं वेगळं आहे. मागे पळणारी खडी सतत बघितली की मेंदूतल्या त्या दिशेची हालचाल टिपणाऱ्या पेशी जरा मंदावतात, उलट्या दिशेच्या ताज्या असतात. गाडी थांबली की ताज्यांचं पारडं जड होतं म्हणून जमीन पुढे सरकल्यासारखी दिसते. रॉबर्ट अॅडम्स नावाच्या माणसाने १८३४ मध्ये स्कॉटलंडमधला फॉयर्सचा धबधबा बराच वेळ बघितला आणि मग शेजारच्या खडकाकडे नजर वळवली तर खडक वर चढताना दिसला, तेच हे. थोड्या वेळात आपोआप जातं.

प्रश्न : कोजागिरीला आम्ही बिल्डिंगवाले गेटवेला गेलो होतो. पाण्यापलीकडून चंद्र वर आला तो परातीएवढा! रात्री गच्चीवर दूध प्यायला बसलो तर तोच वाटीएवढा. आणि फोटोत बघितलं तर टिकली. संध्याकाळी चंद्र जवळ असतो का?

उत्तर : उलट आहे. उगवताना चंद्र आपल्यापासून थोडा लांब असतो, डोक्यावर आला की पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येइतका, म्हणजे सहा हजार किलोमीटरच्या आसपास जवळ येतो. म्हणजे खरं तर रात्रीचा चंद्र किंचित मोठा, पण तो फरक इतका कमी की डोळ्यांना कळत नाही.

पुढच्या पौर्णिमेला एक साधी पेन्सिल घेऊन जा. हात पूर्ण लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने चंद्र झाकायचा. झाकला जातो! तो परातीएवढा चंद्र पेन्सिलीच्या टोकामागे जातो यावर पोरांचा विश्वास बसत नाही, मग मध्यरात्री गच्चीवर तेच परत करा, तेवढाच झाकला जातो. चंद्र आकाशात फक्त अर्धा अंश जागा व्यापतो, दोन्ही वेळेला. मोबाईलचा फोटो खोटं बोलत नाहीये, त्याला पलीकडचे डोंगर, होड्या, दिवे यांच्यावरून अंतराचा अंदाज बांधायची सवय नाही एवढंच.

आपल्याला ती सवय आहे. स्टेशनच्या पुलावरून रूळ बघितलेत ना, लांब जाऊन एकमेकांना टेकतात? त्या चित्रावर सारख्याच लांबीच्या दोन आडव्या रेघा काढल्या, एक खाली एक वर, तर वरची मोठी दिसते, कारण मेंदू म्हणतो ही लांबची असून एवढी दिसतेय म्हणजे मोठीच असणार. इटलीच्या मारिओ पॉन्झोने १९११ च्या सुमारास दाखवलेली ही गोष्ट. चंद्राचंही बरंचसं असंच असावं असं बरेच जण मानतात, पण शास्त्रज्ञांचं यावर अजून पूर्ण एकमत झालेलं नाही. नारिंगी रंग मात्र खरा असतो, तो हवेमुळे.

प्रश्न : मोबाईलच्या व्हिडिओत घरातला फॅन उलटा का फिरतो?

उत्तर : फोन सेकंदाला साधारण ३० फोटो काढतो. दोन फोटोंच्या मध्ये पातं पुढच्या पात्याच्या जागेकडे अर्ध्याहून जास्त गेलं असेल तर डोळे जवळचा रस्ता पकडतात आणि पुढचंच पातं जरासं मागे आलं असं समजतात. स्विच बंद करून शेवटपर्यंत शूट करा, उलटा फॅन मध्येच सुलटा होतो, बघायला मजा येते.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. महिनाभर म्हणतायत खिडकीच्या ग्रीलच्या सळया मधेच वाकलेल्या दिसतात. मी त्यांना व्हॉट्सअॅपवर आलेली सरळ रेघा तिरक्या दिसणारी चित्रं दाखवली, म्हटलं बाबा हे सगळ्यांना होतं. बरोबर ना?

उत्तर : नाही, आणि कृपा करून हे याच आठवड्यात मनावर घ्या.

त्या चित्रात तुम्हाला, मला, बाबांना, सगळ्यांना रेघा तिरक्या दिसतात. ग्रील मात्र तुम्हाला सरळ दिसतंय आणि त्यांना नाही. आज घरी एवढं करा : आलेख वहीच्या पानावर मधोमध पेनाने ठिपका काढा, बाबांना वाचायचा चष्मा लावायला सांगा, पान वाचायच्या अंतरावर धरून एक डोळा हाताने झाकून ठिपक्याकडे बघायला सांगा, मग दुसरा. एखाद्या डोळ्याने चौकोन वाकडे, पुसट किंवा गायब दिसले तर पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, मधल्या भागात गडबड असू शकते. वयामुळे तिथे पाणी झिरपून पडदा फुगतो, डायबिटीस असेल तरी सूज येते, आणि पडदाच उंचसखल झाला की सरळ सळई वाकडी दिसणारच. यावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत आणि लवकर सुरू केली तर नजर वाचायची शक्यता बरीच जास्त. चौकोन सरळ दिसले तरी दाखवून या, घरची टेस्ट पुरेशी नाही.

ते महिनाभर निभावून कसे नेत होते, तर दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा सांभाळून घेतो. आपल्या प्रत्येक डोळ्यात नस जिथून बाहेर पडते तिथे मुळातच एक आंधळा ठिपका आहे. कागदावर आठ सेंटिमीटर अंतराने दोन ठिपके काढा, डावा डोळा मिटून उजव्याने डाव्या ठिपक्याकडे बघत कागद हळूहळू जवळ आणा, साधारण एक फुटावर उजवा ठिपका नाहीसा होतो आणि त्या जागी काळं भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. मेंदू भरून टाकतो. बाबांचा मेंदूही तसाच झाकून नेत असणार.

जे.जे., केईएम, सायन, कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या ओपीडीत जा, "मोतीबिंदू असेल, बघू दिवाळीनंतर" असं करू नका, आणि तिथे "कमी दिसतं" एवढंच न सांगता "सरळ रेघा वाकड्या दिसतात" हे शब्द आवर्जून वापरा. काय झालं ते कळवा, मी वाट बघतोय.