आधी दिशा

पोरी,

तुझं पत्र वाचलं, सोबतची लॉग फाइलही उघडून पाहिली. शेततळ्यात पाण्याखालून ४० मीटर सरळ जायचा तुझा रोबो समोरच्या काठाला ६ मीटर बाजूला निघाला. आता कालमन फिल्टर (सेन्सरांचे आकडे जुळवून रोबोची जागा ठरवणारं गणित) बदलू, डॉप्लर (ध्वनीनं वेग मोजणारं यंत्र) घेऊ, की न्यूरल नेटवर्क लावू, असं तू विचारतेस. यातलं काहीच करू नकोस. आधी दिशा.

४० मीटरला ६ मीटर म्हणजे साडेआठ अंश. एवढी चूक कालमन फिल्टरची नसते, होकायंत्राची असते. होकायंत्र एका अंशापर्यंत खरं आहे, असं तूच फिल्टरमध्ये लिहून ठेवलंयस. ते त्यानं मानलं, एवढंच.

डॉप्लर तळावर चार ध्वनिकिरण सोडून वेग देतो, पण तो रोबोच्या अंगानं: पुढे किती, बाजूला किती. त्याचा नकाशावरचा मार्ग करायला दिशाच लागते. दिशा १ अंश चुकली की १०० मीटरला पावणेदोन मीटर गेले, यंत्र कितीही महागाचं असो. अ‍ॅक्सेलरोमीटरवरून अंतर काढायचा बेतही सोड. त्याच्या त्वरणाच्या आकड्यात सेकंद वर्गाला ०.०१ मीटर एवढा बायस, म्हणजे टिकून राहणारी चूक, राहिला तरी दोनदा इंटिग्रेट केल्यावर एका मिनिटात १८ मीटरची चूक होते, आणि पाण्याखाली ती सुधारायला जीपीएस नाही.

फोटोत दिसतंय की होकायंत्राचं कॅलिब्रेशन तू सुटा बोर्ड हातात धरून केलंस. ते बाद. बॅटरी, थ्रस्टर (रोबोला ढकलणाऱ्या मोटारी), वजनं सगळं जागच्या जागी बसवून, अख्खा रोबो तिन्ही अक्षांभोवती फिरवून पुन्हा कर. वजनाला लोखंड वापरलं असशील तर काढ, शिसं घाल.

मग खरी परीक्षा. प्लास्टिकच्या मोठ्या टाकीत रोबो लाकडी चौकटीला घट्ट आवळ, जरासुद्धा हलता कामा नये. थ्रस्टर शून्यापासून थोडे थोडे वाढवत ने आणि दर पायरीला करंट नि दिशा दोन्ही लिही. रोबो जागेवर असून दिशेचा आकडा सरकला, तर ते तारांतल्या करंटचं चुंबकीय क्षेत्र आहे. बॅटरीच्या अधिक-उणे तारा एकमेकींभोवती पिळून घे, होकायंत्र त्यांच्यापासून दूर ने, आणि पुन्हा मोज. टाकी गच्चीवर ठेवू नकोस, स्लॅबमध्ये सळया असतात. बोअरचा केसिंग पाइप आणि कुंपणाचे लोखंडी अँगलही लांब हवेत.

जायरोचं, म्हणजे वळण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं, दुखणं वेगळं. आपल्या जळगावच्या एप्रिलमध्ये उन्हात ठेवलेली रोबोची नळी हात लावू देत नाही, आणि तू ती तशीच पाण्यात सोडतेस. तापमान बदललं की जायरोचा बायस सरकतो. आधी २० मिनिटं पाण्यात स्थिर धर, आतलं तापमान ठरलं की बायस घे, मगच सोड.

खोलीचं थोडक्यात: ती पाण्याच्या दाबावरून निघते. त्यात घनता समुद्राच्या पाण्याची १०२९ (किलो दर घनमीटर) ठेवलीयस, ती गोड्या पाण्याची ९९७ कर. दाबाचा शून्य दर वेळी काठावर घे. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशेएक मीटर उंच, त्यामुळे समुद्रसपाटीचा हवेचा दाब धरलास तर सुरुवातच पाव मीटर चुकीची.

फिल्टरची गणितं येणाऱ्या हुशार पोरी-पोरांना हे मोजून पाहायचं काम हलकं वाटतं, आणि त्यांच्या चांगल्या यंत्रांवर धूळ बसते, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना दिशेचा आलेख दाखवल्याशिवाय फिल्टरला हात लावू देत नाही. त्यांना तो माझा हेकटपणा वाटतो, वाटू दे. फिल्टर माहीत असलेली चूक सांभाळतो. जी चूक तू मोजलीच नाहीस, ती तो बिनबोभाट उत्तरात मिसळतो आणि वर सांगतो, उत्तर पक्कं आहे. तू फसलीस ती इथंच.

हतनूरच्या धरणात उतरायची घाई नको. तिथल्या गाळात कॅमेरा साथ देणार नाही, तेव्हाही दिशेवरच भिस्त राहील.

पुढच्या खेपेला तळ्यावर दोन लाकडी खुंट्यांमध्ये नायलॉनची दोरी ताण, टेपनं मोजून दर मीटरला खूण कर आणि रोबो तिच्याशी ताडून पाहा. मोबाइलच्या जीपीएसनं मोजू नकोस, तोच काही मीटर चुकतो. जातानाचा आणि येतानाचा असे दोन्ही लॉग पाठव. कच्चे पाठव, फिल्टरमधून काढलेले नकोत.