दहावीच्या मराठीत धडे पाठ असूनही गुण कमी पडतात, रसग्रहणाची तयारी कशी करू?

तुझा प्रश्न असा: पुण्यात दहावीला आहेस, प्रथम भाषा मराठी, म्हणजे कुमारभारती. सगळे धडे वाचून झालेत, घरात दोन गाईडं आहेत, तरी सराव परीक्षेत 80 पैकी 57 आणि रसग्रहणाला, म्हणजे कवितेच्या ओळींतलं सौंदर्य उलगडून सांगायच्या प्रश्नाला, 4 पैकी दीड. आता तयार उत्तरं पाठ करू की आणखी एक अपेक्षित प्रश्नसंच आणू, असं विचारतेस.

दोन्ही नको. अप्पा बळवंत चौकात जाऊन तिसरं गाईड आणलंस तरी त्यात पहिल्या दोघांतलंच शब्द बदलून छापलेलं असेल. मी पेठेतल्या एका शाळेत बरीच वर्षं दहावीला मराठी शिकवते, गठ्ठेच्या गठ्ठे तपासते. धडा माहीत नाही म्हणून गुण गेलेली मुलं फार थोडी असतात. जास्त करून गुण जातात ते ओळींकडे न बघता लिहिल्यामुळे.

आधी कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, समोर ठेव. गुण असे: गद्य 18, पद्य 16, स्थूलवाचन 6, भाषाभ्यास (व्याकरण) 16, उपयोजित लेखन (पत्र, निबंध वगैरे) 24. यात भाषाभ्यास आणि उपयोजित लेखन मिळून 40, म्हणजे निम्मा पेपर. तिथे एकही धडा पाठ असून उपयोग नाही. उताऱ्यावरच्या आकलन कृतींची उत्तरं उताऱ्यातच असतात. चौकटीत दोन शब्द हवे असतील तर दोनच लिही, खाली स्पष्टीकरणाचा परिच्छेद जोडू नकोस. त्याला गुण नाहीत, वेळ मात्र जातो.

आता रसग्रहण, कारण तुझं खरं दुखणं तेच आहे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मुद्दे तुला माहीत असणारच. पण मुलं काय करतात? प्रश्नात दिलेल्या ओळी बाजूला ठेवून आख्ख्या कवितेचा सारांश लिहितात आणि शेवटी 'कवीची भाषा साधी, सोपी व ओघवती असून कविता वाचकाच्या मनाला भिडते' हे वाक्य टाकतात. हे वाक्य म्हणजे आहेरात फिरणारा लेमन सेट आहे, कुठल्याही कवितेला द्या, चालतो. तपासणाऱ्याने त्या दिवशी तो पन्नास वेळा पाहिलेला असतो. म्हणून एक कसोटी ठेव: तू लिहिलेलं वाक्य उचलून दुसऱ्या कवितेखाली ठेवलं तर खपेल का? खपत असेल तर खोड.

सराव पुस्तकाबाहेरच्या कवितेवर कर, म्हणजे गाईड उघडायचा मोहच होणार नाही. मी वर्गात बालकवींची 'औदुंबर' देते. आठच ओळी आहेत. सुरुवात अशी:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन

पुढे टेकडीकडचं चिमुकलं गाव येतं, शेतमळे येतात, मग पांढरी पायवाट हिरव्या कुरणातून काळ्या डोहाकडे जाते. आणि शेवटची ओळ: 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर'.

ही मोठ्याने वाच. दोनदा. मनातल्या मनात वाचलेल्या कवितेची लय कळत नाही आणि लय कळली नाही की भाषिक वैशिष्ट्यांत लिहायला काही उरत नाही. (सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत हा प्रयोग करू नकोस, एमपीएससीवाले दादा-ताई माना वर करून बघतील. गच्ची बरी, नाहीतर सकाळची तळजाई टेकडी.) वाचून झालं की पेन्सिल घे आणि फक्त दोन गोष्टींखाली रेघ ओढ: रंग आणि क्रियापदं. रंग निळासावळा, हिरवा, पांढरा असे येत येत काळ्यावर पोचतात. क्रियापदं बघ: झरा वाहतो, पायवाट चालली आहे. सगळं कुठेतरी निघालंय. फक्त औदुंबर बसलाय. आता तुझ्या हातात असं काहीतरी आहे जे दुसऱ्या कवितेला चिकटवता येणार नाही.

मग काव्यसौंदर्य असं लिहिता येतं: 'कवितेतील झरा वाहत आहे, पायवाट डोहाकडे चालली आहे, परंतु शेवटच्या ओळीत औदुंबर पाण्यात पाय टाकून स्थिर बसलेला दिसतो. झाडावर माणसाच्या कृतीचा आरोप केल्याने येथे चेतनगुणोक्ती अलंकार साधला आहे. या एका कृतीमुळे आतापर्यंत नुसते निसर्गदृश्य वाटणाऱ्या चित्रात कोणीतरी एकटे, विचारात बुडालेले बसले आहे, असे जाणवते.' चारपाच ओळी झाल्या, एकही पाठ केलेली नाही. अलंकार ओळखून नुसतं नाव लिहून थांबलीस तर अर्धंच काम होतं. त्या अलंकारामुळे ओळीत काय घडलं ते लिहायचं असतं.

वर्गात नेहमी वाद होतो. निम्म्यांना हा औदुंबर उदास वाटतो, निम्म्यांना निवांत. समीक्षकांचंही या कवितेवर कधी एकमत झालेलं नाही. दोन्ही उत्तरांना गुण मिळू शकतात, मात्र ओळीतला पुरावा द्यावा लागतो. उदास म्हणायचं तर काळा डोह दाखव, निवांत म्हणायचं तर पाण्यात सोडलेले पाय दाखव. 'मॅडम, बरोबर अर्थ कोणता?' हे विचारणं सोडून दे.

हीच पद्धत पुस्तकातल्या कवितांना लाव. आसावरी काकडे यांची 'खोद आणखी थोडेसे' घे. गाईड सांगेल, 'ही कविता प्रयत्नांचे महत्त्व सांगते.' बरोबरच आहे, पण तसं सांगणाऱ्या शंभर कविता आहेत. ही कविता प्रयत्नासाठी जमीन खोदायचं, खाली पाणी असण्याचं चित्र वापरते. म्हणजे जे हवंय ते आधीपासून आहे, फक्त वरून दिसत नाही. कष्टाने नवं काही मिळवण्यापेक्षा हे वेगळं आहे, आणि तो फरक लिहिणारी वही माझ्या हातात आली की मी खुर्चीत सरळ बसते.

कवी, कवितेचा विषय, शब्दांचे अर्थ यांवरच्या 4 गुणांसाठी मात्र खुशाल पाठांतर कर. तिथे ते चालतं. एका कागदावर सगळ्या कवितांचा तक्ता करून कपाटाच्या दाराला चिकटव.

स्वमत, म्हणजे तुझं मत विचारणारी कृती, म्हणजे 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' ने सुरू होणारं भाषण नव्हे. एक धागा पाठातला, एक तुझ्या बघण्यातला, बस. रा. ग. जाधवांच्या 'शाल' या पाठात लेखक वाईला कृष्णेच्या घाटावर थंडीत कुडकुडणाऱ्या बाळासाठी शाल देऊन टाकतात. त्यावर एका मुलाने लिहिलं होतं की त्याच्या आजोबांच्या कपाटात सत्कारात मिळालेल्या शालींची चळत आहे आणि त्यातली एकही कुणी कधी पांघरलेली नाही. पुण्यात हे घरोघरी दिसतं, पण लिहिलं त्या एकानेच. पूर्ण गुण.

व्याकरणात समास, शब्दसिद्धी, वाक्प्रचार रोज थोडे सोडव, बाकी काही युक्ती नाही. लेखननियमांत एकच नियम सांगते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात: 'गरीब', 'वकील', 'फूल' यांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, पण पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व, म्हणून गरिबाला, वकिलाने, फुलात. आणि मी इथे 'केलं', 'झालं' असं बोलल्यासारखं लिहितेय, तू पेपरात 'केले', 'झाले' लिही.

वेळेचं गणित तू माझ्यापेक्षा बरं करशील: 3 तास, 80 गुण, म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं. रसग्रहणाला नऊदहा मिनिटं पुरतात, उपयोजित लेखनाला पाऊण तासाच्या वर लागतो. बहुतेक मुलं कवितांवर रेंगाळतात आणि 8 गुणांचा निबंध शेवटच्या दहा मिनिटांत कसाबसा उरकतात. म्हणून आता दर रविवारी घड्याळ लावून अख्खी कृतिपत्रिका सोडव, आणि ती तपासायला तुझ्या मराठीच्या बाईंना किंवा सरांना दे, स्वतः तपासू नकोस. बोर्डाने 2023 पासून पेपर आधी हातात देणं बंद करून शेवटी 10 मिनिटं वाढवून द्यायला सुरुवात केली. ही 10 मिनिटं पुरवणीची पानं वाढवायला वापरू नकोस. सुटलेली विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ तेवढ्यात दुरुस्त होतात.