कंपनीच्या अलार्मला शॉक सेन्सर जोडता येतो का?

जोडता येतो, भाऊ. शॉक सेन्सर म्हणजे गाडीला धक्का बसला की इशारा देणारा सेन्सर. कंपनीने गाडीत बसवून दिलेला अलार्म बहुतेक गाड्यांत दार, डिकी किंवा बॉनेट उघडलं तरच वाजतो. म्हणून तुम्ही सांगितलंत तसं, हिंगणघाटच्या कापूस बाजारात ट्रॉली तुमच्या गाडीच्या दाराला घासून गेली तरी तो गप्प राहिला.

बाजारात मिळणाऱ्या साध्या शॉक सेन्सरला तीन-चार वायरी असतात: लाल १२ व्होल्ट, काळी अर्थ (म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडायची), आणि धक्का बसताच क्षणभर अर्थ देणारी सिग्नल वायर. तुमच्या गाडीत बॉनेट उघडल्यावर स्विचची वायर अर्थ होत असेल, तरच सिग्नल तिला जोडा. हे आधी मल्टिमीटरने तपासाच. मध्ये १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा सुटा भाग) टाका, त्यावरच्या पट्टीची बाजू सेन्सरकडे. लाल वायरीला १ अँपिअरचा फ्यूज हवाच.

आता खरी गोम. सेन्सर कायम चालू ठेवला तर पांदण रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला बॉनेट उघडल्याचा इशारा येईल. त्यासाठी पाच पायांचा रिले (विजेवर चालणारा स्विच) घ्या, त्याची कॉइल इग्निशनच्या वायरीवर आणि सेन्सरचा पुरवठा ८७ए लिहिलेल्या पायावरून. चावी फिरवली की सेन्सर बंद.

सेन्सर डॅशखाली पक्क्या धातूच्या पट्टीवर घट्ट बसवा. संवेदनशीलता कमीपासून सुरू करून मुठीने गाडीच्या दाराजवळच्या खांबावर ठोकत वाढवा. फार वाढवली तर अवकाळीच्या गडगडाटानेही अख्खं गाव जागं होईल.

पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या वायरींना हात लावू नका, आणि वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. कंपनीचंच सेन्सर किट मिळत असेल तर मी तेच घेईन.