काट्या टाकलेली विहीर

प्रश्न : फादर, माझी आई ८४ वर्षांची आहे, अंथरुणाला खिळलीय. रात्री मला उठवून विचारते, "देव मला पदरात घेईल का गं?" पन्नासेक वर्षांपूर्वी वाटणीवरून भांडण झालं, तेव्हा तिनं विहिरीच्या वाटेवर काट्या टाकल्या. धाकट्या काकीला अख्खा उन्हाळा पाणी भरू दिलं नाही. काकीच्या कडेवर तेव्हा तान्हं पोर होतं. आता ती त्याच मुलाकडे नालासोपाऱ्याला असते, येणंजाणं नाही. फादरांपुढे पापाची कबुली देऊन आईनं याचं कन्फेशन कितीदा केलंय! तरी दर पहिल्या शुक्रवारी कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन येणाऱ्या फादरांना ती तेच सांगते. आम्ही म्हणतो, देव दयाळू आहे, झोप. ती झोपत नाही. देवाचं भय धरावं असं तुम्हीच सांगता, मग या भयाचं काय करू? नाव न घालता छापलंत तरी चालेल.
– एक वाचक, वसई

उत्तर : ताई, हे कन्फेशनमध्ये कानावर आलं असतं तर इथे एक अक्षर लिहिलं नसतं. पत्रात आलंय, म्हणून लिहितो.

"देव दयाळू आहे, झोपा" हे मीही पुष्कळ आजाऱ्यांना सांगितलंय. खरं सांगायचं तर बरेचदा मलाच पुढच्या घरी जायची घाई असायची. तुमच्या आईला ते पटत नाही, कारण न्याय म्हणजे काय ते तिला आपल्यापेक्षा नीट कळलंय. बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातला राजा शेवटच्या दिवशी कुणाला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, मोजायला लावत नाही. भुकेल्याला खाऊ घातलंत का, मी तान्हेला होतो तेव्हा पाणी दिलंत का, हे काढतो. आई नेमकी तिथेच अडकलीय. म्हातारचळ म्हणू नका.

तिच्या पिढीच्या कानात आणखी एक गोष्ट बसलीय. साठच्या दशकात मी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, फादरांच्या हाताखाली वेदीसेवक असायचो. मयताच्या मिस्सेला फादर काळा झगा घालायचे आणि लॅटिनमध्ये 'दिएस इरे' गायलं जायचं, म्हणजे 'क्रोधाचा तो दिवस'. शब्द कळत नव्हते, पण त्या सुरानंच पोटात गोळा यायचा. १९६९ साली अंत्यविधी नव्यानं रचला गेला, त्यात ते गीत गळालं. पुढे फादर व्हायला सेमिनरीत गेलो, लॅटिन शिकलो तेव्हा पाहिलं, तर त्यातल्या एका कडव्यात देवाला आधी 'भयंकर वैभवाच्या राजा' अशी हाक आहे आणि लगेच 'करुणेच्या झऱ्या, मला तार'. लहानपणी आम्हाला राजा तेवढा ऐकू आला, झरा राहून गेला.

बायबलमधलं स्तोत्र १३० आईला वाचून दाखवा. देवाजवळ क्षमा आहे, म्हणून त्याचं भय धरावं, असं त्यात आहे. उलटं वाटतं ना? मलाही वाटायचं. धाकट्याला मारून घरी आलो आणि आई ओरडलीच नाही, गुपचूप ताट वाढलं, तेव्हा घास गिळवत नसे. ते हे भय. छडीच्या भीतीनं मी माळ्यावर लपायचो; या भयानं धाकट्याला शोधायला निघायचो.

आता कन्फेशन पुन्हा नको. पापक्षमा मिळाली ती मिळाली. दर महिन्याला तेच सांगणं म्हणजे देवाकडे पावती मागणं झालं. पण पन्नास वर्षांत आईनं हे देवाला इतक्यांदा सांगितलं, काकींना एकदाही नाही, असं पत्रावरून दिसतं.

नालासोपारा लांब नाही. आधी तुम्ही एकट्या जा, काकींना विचारा. त्या नाही म्हणाल्या तर रागावू नका. तो त्यांचा हक्क आहे. आल्याच, तर चहाची गडबड नको. विहीर अजून असेल तर तिचं, नाहीतर माठातलं, पेलाभर पाणी आईच्या हातात द्या आणि तिनं ते जावेला द्यावं. तिचा हात थरथरेल. पेला खालून तुम्ही धरा.