अनाथ पुतणीला आई हवी म्हणून श्रीमंत माणूस लग्न करतोय, अशा सोयीच्या लग्नात पुढे प्रेम होतं का?

तुम्ही लिहिलंय की स्थळ पैसेवालं आहे, त्याचे भाऊ-वहिनी वारले, पाच महिन्यांची पुतणी त्याच्याकडे आहे, आणि तुम्हाला भीती ही की लोक म्हणतील पैसा बघून गेली. हे शेवटचं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. हे वाक्य मी २००४ पासून ऐकतेय, माझ्या सख्ख्या वहिनीकडून.

हो, मी पैसा बघितला. का नाही बघायचा? एकतीस वर्षांची होते, एक ठरलेलं लग्न मोडलेलं, बालवाडीत शिकवून मिळेल ते दादाच्या घरात द्यायचे आणि तरी दुसरी चपाती घेताना वहिनीच्या तोंडाकडे बघायचे. मागणी तासगावकडची, द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड, दारात दोन गाड्या. मुलगा चौतीसचा. त्याचे भाऊ-भावजय एकाच रात्री अपघातात गेलेले, पोरगी साडेचार महिन्यांची. त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं की मला बायकोची घाई नाही, हिला आई पाहिजे, तुमची नोकरी तुम्ही करा, खोली वेगळी राहील. मी म्हटलं चालेल. सोय त्याची होती तशी माझीही होती, त्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला आजवर कोणी सांगितलं नाही.

प्रेम झालं का? झालं, आणि कधी झालं तेही मला पक्कं माहितीय. लग्नाला दीड महिना झाला असेल, फळछाटणी चालू होती, तो दिवसभर बागेत. रात्री पोरगी रडायला लागली म्हणून मी दूध पावडरचा डबा आणायला खाली गेले, तर टेबलावर त्याची सौद्याची वही उघडी पडलेली. पुढच्या पानांवर बेदाण्याचे बॉक्स, वजन, दर. आणि तीच वही मागून उलटी धरून, त्याच रकान्यांत, "रात्री २.१० – ६० मिली, निम्मं ओकली. ४.३० – ९० मिली, पूर्ण. शी पातळ." भाऊ गेला त्या आठवड्यापासून रोजचं, एक रात्र सुटलेली नाही. एका तारखेपुढे मिलीबिली काही नाही, नुसतं "हसली". मी डबा हातात घेऊन वाचतच राहिले. वर गेले तर तो उठून बसलेला, पोरगी खांद्यावर, पाठीवरून हात फिरवतोय, आणि मला म्हणतो तुम्ही झोपा, सकाळी तुमची शाळा आहे.

पण त्याच्याही आधी मी एक केलं होतं आणि ते तुम्हीही करा. लग्नाच्या आधी मी सातबारा मागितला. वहिनी म्हणाली, बघा, आत्ताच जमीन मोजायला निघाली! अगं मी पोरीचं नाव बघत होते. माझ्या हेतूबद्दल सगळ्यांनी विचारलं, त्याच्या हेतूबद्दल एकानेही नाही. मोठ्या घरातल्या अनाथ मुलासोबत मेलेल्या भावाचा हिस्साही येतो, आणि तो गिळायला बसलेले चुलते मी डोळ्यांनी बघितलेत. आमच्याकडे भावाच्या हिश्श्याला आजीचं आणि पोरीचं नाव लागलेलं होतं, पोरीच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे वारस अजून अज्ञान असल्याचा शेरा, लावून आजी पालक. मला मागणी घालायच्या आधीच त्याने वारसनोंद करून घेतली होती. ते बघून मी होकार दिला.

पुढच्या वर्षी १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने तिला रीतसर दत्तक घेतलं. आईवडील दोघंही नसले की पालकाला मूल दत्तक द्यायला कोर्टाची परवानगी लागते, आणि नवरा दत्तक घेणार असेल तर बायकोची संमती लागते, म्हणजे सांगलीच्या कोर्टात माझ्या सहीवाचून काही झालं नसतं. दत्तक गेल्यावरही आधी मिळालेला बापाचा हिस्सा पोरीचाच राहतो, हे त्याच कायद्यात आहे, कोणी काही वेगळं सांगितलं तर ऐकू नका. नंतर आम्हाला मुलगा झाला तेव्हा वहिनी म्हणाली, आता कळेल खरं. कळलं ना वहिनी. पोरगी अठराची झाली त्या महिन्यात हाच माणूस तिला घेऊन तलाठ्याकडे गेला आणि तो अ.पा.क. शेरा काढून आला, तिच्या बागेचा हिशेब आजही वेगळ्या वहीत आहे.

एक राहिलं. आमचं मूल नात्यातलं होतं. कोणी संस्थेतून बाळ मिळावं म्हणून घाईने लग्न करत असेल तर उपयोग नाही, कारा म्हणजे केंद्र सरकारची दत्तक यंत्रणा, तिच्या नियमात जोडप्याचा दोन वर्षांचा स्थिर संसार लागतो, आणि एकट्या पुरुषाला मुलगी देतच नाहीत. नात्यातल्या दत्तकाला ती दोन वर्षांची अट नाही, तरी वकिलाला विचारून घ्या. आणि तुमच्यात प्रेम होईलच असं मी लिहून देऊ शकत नाही, माझं झालं एवढंच सांगते.

सातबारा मागाल तेव्हा त्याला हेही विचारा की काल रात्री बाळ किती वेळा उठलं आणि दूध किती प्यायलं. आईला विचारून सांगतो म्हणाला तर अजून चार महिने थांबा.