नवोदित नटाने मानधनाचा हिशेब कसा मांडावा

एकांकिका स्पर्धांमधून आपण व्यावसायिक रंगभूमीकडे वळत आहात, म्हणून सांगतो की नाटकात पैसे ‘नाईट’प्रमाणे, म्हणजे प्रयोगागणिक मिळतात आणि तालमींचे दिवस बहुधा बिनपगारीच जातात. मालिकेत दिवसाचा दर ठरतो. परंतु महिन्यात किमान किती दिवस काम मिळेल याची लेखी हमी नसेल, तर चढ्या दरालाही फारसा अर्थ उरत नाही, शिवाय ती रक्कम अनेकदा 90 दिवसांनी, 10 टक्के टीडीएस आणि काम मिळवून देणाऱ्या समन्वयकाचे कमिशन वजा होऊन हाती येते. (करपात्र उत्पन्न नसल्यास कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळतो, याकडे नवे नट हमखास दुर्लक्ष करतात.) चेहरा ओळखीचा झाल्यावर नाईटचा दर वाढवून मागता येतो, तोपर्यंत डबिंगची कामे सोडू नयेत.