बाण डावीकडे, मग पिन कुठे?

प्रश्न : मुलगी उजव्या हाताने रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य ओढते. १८ मीटरवर बाण मधोमध लागतात, ३० मीटरवर मात्र सगळे डावीकडे. साइटची (धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाची) पिन उजवीकडे सरकवली, तर आणखीच बिघडलं. – एक पालक, ऐरोली

उत्तर : बिघडणारच! बाण जिकडे लागतात तिकडेच पिन न्यायची; डावीकडे तर डावीकडे, खाली तर खाली. पण तुमच्या बाबतीत आधी साइटची उभी पट्टी बघा. अंतर वाढलं की पिन खाली आणावी लागते, आणि पट्टी तिरकी असेल तर पिन खाली येता येता बाजूलाही सरकते. पट्टी दोरीला समांतर करा, स्क्रू घट्ट आवळा.

तरीही फरक राहिला तर १८ मीटरवरून पिसं लावलेले तीन आणि बिनपिसांचे दोन बाण मारायला सांगा. बिनपिसांचे पिसांच्या बाणांपेक्षा डावीकडे पडले तर बाण जास्त ताठ ठरतोय, म्हणजे सुटताना कमी वाकतोय. प्लंजरची (बाणाला बाजूने टेकणाऱ्या दांडीची) स्प्रिंग पाव फेरा सैल करा. उजवीकडे पडले तर पाव फेरा घट्ट. एका वेळी एकच बदल, आणि एखाद्या भरकटलेल्या बाणावरून तर काहीच हलवू नका. दुपारी खाडीवरचा वारा चढतो, त्यामुळे ही तपासणी सकाळीच उरका.